'जोहार मायबाप' आज गावा का? (चोखोबा आणि त्यांच्या घरच्यांचे अभंग)

प्राजक्तवेल

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळच्या एका गावात आमचं अकरा जणींचं भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी बसतो. वैशाख वद्य पंचमीला चोखोबांची पुण्यतिथी असते. यंदा त्या दिवशी दोन तास फक्त चोखोबांच्या घरचे अभंग म्हणायचे असं ठरवलंय. स्वतः चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. एका घरातली पाच माणसं अभंग रचणारी! ज्यांना देवळाच्या आत पाय ठेवता आला नाही त्यांचं हे घर. विचार करायला लागले की मला भरूनच येतं.

यादी साधारण अशी: टाळी वाजवावी, ऊस डोंगा परी, विठ्ठल विठ्ठल गजरी, धाव घाली विठू, सोयराबाईंचे अवघा रंग एक झाला आणि देहासी विटाळ, बंकाचा चोखा चोखट निर्मळ. आणि शेवटी जोहार (महारांनी गावाला वाकून करायचा नमस्कार).

जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला झालो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो ॥
बहु केली आस । तुमच्या दासाचा मी दास ॥
चोखा म्हणे पाटी । आणली तुमच्या उष्ट्यासाठी ॥

मागच्या गुरुवारी तालमीत मी हा म्हणायला घेतला. दुसऱ्या ओळीला आमच्यातल्या एका मावशींनी टाळ हळूच मांडीवर ठेवले. वीस वर्षं त्या आमच्याबरोबर आहेत, आवाज असा की पहिल्या सुरातच पट्टी ठरते. पण बोलायला अगदी कमी. अभंग संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "हा एक सोडून बाकी काय म्हणाल ते म्हणते." मग चहा आला आणि विषय तिथंच राहिला.

मला हा अभंग फार जवळचा आहे. 'पाटी आणली' या शब्दापाशी माझा आवाज दर वेळी अडतो. पण तेव्हापासून झोप नीट नाही. गावा का हा अभंग आज? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं सांगा.

---

टाळकरी६४

गावा की ताई. अवश्य गावा.

माझी ही चाळिसावी वारी होईल. फडावर आम्ही ऐकत आलो ते असं, की जोहार हा पांडुरंगाला केलेला आहे. मायबाप तोच, धनीही तोच. उष्टं म्हणजे देवाचा शेष, प्रसाद. भक्तानं देवाच्या ताटातलं मागावं यात कमीपणा कसला? 'तुमच्या दासाचा मी दास' ही नम्रतेची शेवटची पायरी आहे. नाथांनीही भारुडांत महाराच्या तोंडून जोहार घातले आहेत. नाथ पैठणचे ब्राह्मण, त्यांनी ती भूमिका आपल्या अंगावर घेतली.

---

काळीमाती

काका, तुमच्या वारीबद्दल आदर आहे, पण इथं मी तुमच्याशी सहमत नाही. नाथांनी तो जोहार अंगावर घेतला, आणि भारूड संपल्यावर उतरवूनही ठेवता आला. चोखोबांना तो उतरवता आला नाही. नाथांचा जोहार वेगळा आणि चोखोबांचा वेगळा.

उष्टं हे रूपक आहे असं आपण आज म्हणतो. माझ्या पणजोबांकडे येसकरकी होती. हातात काठी, काठीला घुंगरू. दिवसभर गावकीचं काम: सांगावे पोचवायचे, दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, वेशीवर रात्र काढायची. आणि संध्याकाळी घरोघरी भाकरी मागायची. दारात उभं राहून लांबून ओरडायचं, "जोहार मायबाप, येसकराला भाकर वाढा." सगळ्या घरची मिळून जी भाकरी कालवण पडेल ते एका पाटीत. वरण, आमटी, ताक, सगळं एकात एक. आजी सांगायची की त्या पाटीचा वास तिला म्हातारपणीही यायचा. सणाच्या दुसऱ्या दिवशी शिळ्या पोळ्या मिळायच्या म्हणून पोरं सणापेक्षा सणाच्या दुसऱ्या दिवसाची वाट बघायची.

महारवतन, म्हणजे गावकीच्या या कामांचं पिढीजात बंधन, गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे ही गोष्ट फार लांबची नाही. ती पाटी ज्यांनी डोक्यावर घेतली अशी माणसं काल परवापर्यंत होती. तुमच्या मावशींनी टाळ का खाली ठेवले ते मला न विचारताच कळलं, ताई.

---

सांजवात

वाचतेय. काळीमाती, पोळ्यांचं वाचून पुढं वाचवेना.

---

मंगळवेढेकर

आमच्या गावच्या चोखोबांचा विषय निघाला म्हणून लिहितो. चोखोबांचा जन्म बुलढाण्याकडच्या मेहुणाराजाचा मानतात, पण राहिले आणि गेले ते आमच्या मंगळवेढ्यात. पंढरपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली, आणि चोखोबाही. ज्वारीचं कोठार म्हणून आमचं गाव सगळ्यांना माहीत, पण आम्हाला विचाराल तर आधी ही तीन नावं सांगू.

शके १२६०, म्हणजे १३३८ साली गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला धरलेली माणसं त्यावर राबत होती, त्यात चोखोबा. भिंत कोसळली आणि सगळे तिच्याखाली गेले. नामदेवराय आले तेव्हा नुसती हाडं उरली होती. कुणाचं कुठलं कसं ओळखायचं? परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती उचलली. ती पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी, एवढ्याशा अंतरात गुरू आणि शिष्य.

आमच्या शाळेत गुरुजींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं होतं, "बाकीच्या हाडांचं काय केलं?" गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मला अजून तो प्रश्न आठवतो. त्या भिंतीखाली बाकीचेही होते, त्यांची नावं कुणी सांगत नाही.

---

पैंजण

थोडं विषयांतर. 'अवघा रंग एक झाला' सोयराबाईंचा आहे?? मी किशोरीताईंचं हे भैरवीतलं गाणं किती वर्षं ऐकते आहे. मला चोखोबांचाच वाटायचा.

---

प्राजक्तवेल

@पैंजण, शेवटची ओळ नीट ऐका: 'पाहते पाहणे गेले दूरी । म्हणे चोखियाची महारी.' सगळ्या अभंगात तिनं स्वतःचं नाव घातलेलंच नाही. चोखियाची महारी, एवढीच तिची सही. म्हणून बहुतेकांना कळत नाही.

आणि शब्द बघा. 'मी तूंपण गेले वाया, पाहता पंढरीच्या राया.' 'नाही भेदाचे ते काम.' जिला आयुष्यभर भेदच भोगावा लागला ती लिहिते, की भेदाचं इथं कामच नाही.

---

पैंजण

आत्ता परत ऐकलं. 'म्हणे चोखियाची महारी' अगदी स्पष्ट आहे. इतकी वर्षं माझ्या कानांनी तेवढंच गाळलं होतं.

---

ओवीकार

सोयराबाईंचा दुसरा अभंग तुम्ही घेतलाय त्याबद्दल खास आभार.

'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥'

हे एका बाईनं चौदाव्या शतकात लिहिलंय. विटाळाशिवाय कुणाचा जन्म झाला ते दाखवा, असं थेट विचारते. तिच्यावर दुहेरी विटाळ: जातीचा आणि बाईपणाचा. मासिक पाळीत देवघराला शिवायचं नाही म्हणून आपल्याकडे आजही किती घरांत वाद होतात! माझ्या सुनेनं पहिल्यांदा हा अभंग मोठ्यानं म्हटला, तेव्हा आमच्या घरातला तो वाद संपला. मी सासू म्हणून सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चोखोबांचा तर याहून पुढचा आहे. 'वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ । पुराणे अमंगळ विटाळाची' अशी सुरुवात करून ब्रह्मा, विष्णू, शंकर सगळ्यांना विटाळ लावतात आणि शेवटी 'जन्मता विटाळ मरता विटाळ । चोखा म्हणे विटाळ आदिअंती.' हाही घ्या यादीत.

---

गोदातीर

माझी एक जुनी शंका इथं विचारून घेतो. 'अबीर गुलाल उधळीत रंग, नाथाघरी नाचे माझा सखा पांडुरंग'. अभिषेकीबुवांचा हा अभंग चोखोबांच्या नावावर आहे. पण नाथ म्हणजे एकनाथ ना? नाथांचा जन्म १५३३ चा. चोखोबा १३३८ ला गेले. मग हे कसं?

---

ओवीकार

भाषाच बघा ना, सोपी आणि नवी वाटते. संतांच्या नावाची मुद्रा घालून पुढच्या काळात अभंग रचले जात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मला हा तसाच, नंतरच्या कुणा भक्ताचा वाटतो. पण 'उंबरठ्यासी कैसे शिवू आम्ही जातिहीन' ही ओळ ज्यानं लिहिली त्याला चोखोबा आतून कळले होते एवढं नक्की.

---

टाळकरी६४

नाथ म्हणजे जगन्नाथ असा अर्थ आमच्याकडे लावतात. असो, अभंग गोड आहे.

---

निळीशाई

मी जरा कडू लिहिणार आहे, राग मानू नका.

चोखोबांच्या अभंगांत बंड आहे असं आपण वर म्हणतोय. पण हाही त्यांचाच आहे: 'यातिहीन मी महार । पूर्वी नीळाचा अवतार ॥ कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्मप्राप्ती ॥ चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचें फळ ॥' आपल्या जन्माचा दोष मागच्या जन्मीच्या पापावर टाकून मोकळे. आमच्या वस्तीत माझ्या वडिलांच्या पिढीनं चोखोबा सोडले ते यासाठी. जोहार टाकला आणि जयभीम घेतला. तो बदल आमच्यासाठी श्वास घेण्याइतका मोठा होता. ज्या माणसानं आयुष्यभर वाकून जोहार घातला त्यानं ताठ मानेनं जयभीम म्हणायला काय लागत असेल, ते माझ्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलंय. पहिल्यांदा पाटलासमोर जयभीम म्हटलं तेव्हा पाय थरथरत होते म्हणाले.

म्हणून मंडळानं जोहार गाऊ नये. चाल कितीही सुंदर असली तरी.

---

काळीमाती

निळीशाई, बरंचसं पटतं. पण चोखोबा सोडले हे पूर्ण खरं नाही. बाबासाहेबांनी १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ तिघांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. नागपूरला चोखामेळ्याच्या नावानं विद्यार्थ्यांचं वसतिगृह उभं राहिलं. ज्यांनी जोहार टाकला त्यांनीच चोखोबांचं नाव शिक्षणाच्या दारावर लावलं. माणूस ठेवला, वाकणं टाकलं.

आणि तो नीळाचा अभंग. साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत त्यांचे. एक माणूस आयुष्यभर मार खातो, कधी म्हणतो माझंच पाप असेल, कधी म्हणतो देवा तू करतोस काय. दोन्ही खरं असू शकतं. मी स्वतः असे दिवस काढले आहेत.

'धाव घाली विठू' घ्या. 'बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध.' काही तरी अपराध! बडव्यांचा, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यांचा, मार पडतोय आणि कशासाठी ते माहीत नाही. 'विठोबाचा हार तुझ्या कंठी कैसा आला' हा आरोप. आणि शेवटी 'बोलिला उत्तरी परि राग नसावा.' उलट बोललो, रागावू नका. मी साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना असंच म्हणालेलो आहे.

---

निळीशाई

शेवटची ओळ वाचून थांबलो. ती मलाही माहीत आहे. केबिनची म्हणतोय.

---

माईसाहेब

मी ७८ वर्षांची आहे, नातू टाइप करून देतोय. माझा जन्म पंढरपूरचा. साने गुरुजी १ मे १९४७ ला उपोषणाला बसले तेव्हा मी तान्ही होते, पण घरात ती गोष्ट रोज निघायची. दहा दिवस उपोषण चाललं. १० मे ला सुटलं. बडव्यांनी कबूल केलं आणि मग हरिजनांना मंदिर खुलं झालं. आमच्या घरात आजोबा आणि वडील त्यावरून महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबा विरोधात होते. वडील गुरुजींच्या बाजूचे. आईनं दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढलं.

चोखोबा १३३८ ला गेले आणि दार १९४७ ला उघडलं. नातवानं हिशेब करून सांगितलं, ६०९ वर्षं. तोवर त्यांची समाधी महाद्वारासमोर होती. वारकरी त्यांच्या पाया पडून आत जायचे आणि त्यांच्या माणसांना बाहेर थांबावं लागायचं.

---

मंगळवेढेकर

माई, नमस्कार. नातवाला आशीर्वाद.

---

दवणा

कुणी 'टाळी वाजवावी' बद्दल बोललंच नाही. मला त्यात एक गोष्ट कधीपासून सांगायची आहे.

'टाळी वाजवावी गुढी उभारावी । वाट हे चालावी पंढरीची' हा आपण सगळ्यांनी लहानपणापासून म्हटलाय. गुढीपाडव्याला तर फिरतोच. शेवट काय आहे? 'खटनट यावे शुद्ध होउनी जावे । दवंडी पिटी भावे चोखामेळा.'

दवंडी पिटणं! काळीमाती यांनी वर येसकरकीच्या कामात दवंडी सांगितली तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे चोखोबांचं रोजचं काम असणार. पाटलाचा हुकूम, सावकाराचा लिलाव, वेठीचं बोलावणं: हे गावभर ओरडून सांगायचं. त्याच हलगीनं, त्याच आवाजात हा माणूस सांगतो की खट असो नट असो, सगळ्यांनी यावं. गावकीनं ज्या कामाला जुंपलं तेच काम त्यानं विठ्ठलासाठी करून टाकलं, आणि त्यात कुणाची परवानगी घेतली नाही. दवंडीत कुणाला वगळता येत नाही, ती सगळ्या गावाला असते. पंढरीच्या वाळवंटात सगळ्यांना बोलावणारा तो, ज्याला स्वतःला आत येऊ देत नव्हते.

---

प्राजक्तवेल

दवणा, आज पाच वेळा वाचलं हे. 'हलगीनं' म्हणालात ते अगदी डोळ्यांसमोर आलं. आता हा अभंग पखवाजाऐवजी हलगीवर घेतला तर? आमच्या गावात दोन पोरं वाजवतात.

---

पखवाजी

घ्या की. 'टाळी वाजवावी' मोठा अभंग आहे: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. मोजून बघा, टा-ळी-वा-ज-वा-वी सहा आणि शेवटी पं-ढ-री-ची चार. त्या चाराच्या ठिकाणी जी जागा रिकामी राहते तिथं हलगी दोन ठोके देईल, मस्त बसेल. फक्त पोरांना आधी सांगा की लग्नाच्या वरातीची लय धरू नका. नाहीतर सगळं मंडळ उठून नाचायला लागेल आणि दोन तासांचा कार्यक्रम वीस मिनिटांत उरकेल.

---

सांजवात

नाचले तर नाचू दे की! चोखोबा खूश होतील.

---

ओवीकार

लिखाणावरून एक सांगते. चोखोबांचे अभंग कागदावर कसे आले? जनाबाईंचा एक अभंग आहे, त्यात कुठल्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले याची यादीच आहे. सावता माळ्याचा लेखक काशीबा गुरव, चोखामेळ्याचा अनंतभट्ट, आणि स्वतःबद्दल जनी म्हणते, माझा लेखक पांडुरंग. म्हणजे चोखोबा सांगत आणि एक ब्राह्मण लिहून घेत. कुठं बसत असतील दोघं? वेशीपाशी? झाडाखाली? मधे किती अंतर ठेवून? मला ते दृश्य सारखं दिसतं. विटाळाचे ते अभंगही अनंतभट्टांनीच आपल्या हातानं लिहिले असतील, हेही लक्षात ठेवायला हवं.

---

टाळकरी६४

हे फार छान सांगितलंत. मी फडावर नामदेवरायांचा 'चोखा माझा जीव चोखा माझा भाव, कुळधर्म देव चोखा माझा' म्हणतो तेव्हा असंच काही डोळ्यांपुढं येतं. आणि तुकोबारायांचा तो, 'चोखामेळा बंका जातीचा माहार, त्यासी सर्वेश्वर ऐक्य करी.' 'वर्णअभिमाने कोण झाले पावन' हा प्रश्न त्याच अभंगातला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. काळीमाती आणि निळीशाई यांचं वाचून मी दोन दिवस विचार केला. मी जे वर लिहिलं ते फडावर शिकवलेलं लिहिलं. खोटं नाही ते. पण पाटीचा वास मला कधी आला नव्हता. ज्यांना आला त्यांच्यासमोर मी प्रसाद म्हणून समजावत बसू नये. तरीही अभंग बाजूला टाकून द्यावा असं मला अजून वाटत नाही.

---

रानवारा

मग एक सुचवतो. जोहार एकटा म्हणू नका. बापानंतर लगेच मुलगा घ्या.

यादीत तुम्ही कर्ममेळ्याचं नाव लिहिलंय पण त्याचा एकही अभंग नाही. हा बघा:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥
आमचे घरी भात दही । खावोनी कैसा म्हणसी नाही ॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला ॥

बाप म्हणतो, उष्ट्यासाठी पाटी आणली. पोरगा म्हणतो, उष्टं खाता खाता जन्म गेला, देवा तुला लाज नाही वाटत? तोच शब्द, तेच घर. लहानपणी त्या पाटीतलंच जेवण जेवलेला मुलगा आहे हा.

आणि 'भात दही' कुठून आलं? महिपतींच्या भक्तविजयात कथा आहे. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवायला येतो, सोयराबाईंच्या हातून पितांबरावर दही सांडतं. चोखोबा तिला बोलतात. बडव्याला वाटतं की हा देवाचं नाव घेऊन आपल्याला हिणवतो, आणि तो चोखोबांना गालावर मारतो. मग देवळात बघतो तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पितांबरावर दही. कर्ममेळा त्यावर बोट ठेवतो: आमच्या घरी दहीभात खाऊन गेलास ना, मग आता नाही कसं म्हणतोस? बापाच्या घरातला सगळ्यात मोठा चमत्कार आणि मुलगा तोच देवाविरुद्ध साक्षीला उभा करतो.

---

निळीशाई

हा मला माहीत नव्हता. आमच्या घरात चोखोबांचं नाव होतं, पोराचं कुणी सांगितलंच नाही. 'कासया जन्म दिला मला'. वडिलांना आत्ता फोन करून वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "परत वाच."

---

काळीमाती

रानवारा, हात जोडतो.

---

दवणा

+१. प्राजक्तवेल, मावशींना दाखवा हा.

---

प्राजक्तवेल

उशिरा लिहिते आहे, काल गुरुवार झाला.

तालमीच्या आधी मी मावशींच्या घरी गेले. धाग्यातलं सगळं नाही, पण काळीमाती यांचं आणि कर्ममेळ्याचा अभंग वाचून दाखवला. मावशी ज्वारी पाखडत होत्या. सूप हातातच राहिलं. मग सांगायला लागल्या. त्यांच्या आईला लग्नाआधी पाटी घेऊन फिरावं लागलं होतं. एका दारात कुणी तरी वरून टाकलेली आमटी पाटीत न पडता तिच्या हातावर पडली, गरम होती. तो डाग आईच्या मनगटावर शेवटपर्यंत होता. "तू 'पाटी' म्हणताना गळा भरून येतो तुझा, मला दिसतं ते," त्या मला म्हणाल्या. "पण तुझ्या गळ्यात येतं ते वेगळं आणि माझ्या हातावर येतं ते वेगळं." त्यांनी माझ्यावर राग धरला नव्हता. वीस वर्षांत हे मी कधी विचारलं नाही याची लाज मात्र मला वाटली आणि ती मी त्यांच्याजवळ बोलून दाखवली.

रानवारा यांनी सुचवलं तसं दोन्ही लागोपाठ घेऊ का म्हणून विचारलं. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "बापाचा नको. पोराचा मी म्हणते."

म्हणून जोहार यादीतून काढला. टाळकरी काका, तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटलं. पण ठरलंय. त्याच्या जागी कर्ममेळा, आणि तो मावशी एकट्या म्हणणार, मागं नुसती एकतारी. काल त्यांनी पहिल्यांदा म्हणून पाहिला. 'लाज न ये तुमचे चित्ता' हे त्यांनी अजिबात ओरडून म्हटलं नाही, शेजारणीला विचारावं तसं विचारलं. अकरा जणींपैकी कुणालाच टाळ वाजवायचं सुचलं नाही.

त्यानंतर लगेच 'विठ्ठल विठ्ठल गजरी'. त्याचा शेवट 'हरी कीर्तनाची दाटी, तेथे चोखा घाली मिठी' असा आहे. मावशींनीच तो तिथं ठेवायला सांगितला.

---

टाळकरी६४

नाही वाईट वाटलं. मावशींना माझा दंडवत सांगा. या वेळी समाधीपाशी माथा टेकवताना त्यांच्या आईची आठवण ठेवीन.

---

पखवाजी

कर्ममेळ्याला चाल कुठली बसवली? तो आठ आठ अक्षरांचा छोटा अभंग आहे, चाल ओढून मोठी करू नका, शब्द तुटतील. पट्टी कोणती?

---

प्राजक्तवेल

चाल मावशींचीच. त्यांची आई दळताना ज्या ओवीच्या चालीवर म्हणायची तीच धरलीय. पट्टी काळी दोन, त्यांना तिथंच बरं वाटतं. हलगीची पोरं रविवारी येणार आहेत, वरातीच्या लयीबद्दल आधीच दम दिलाय.

---

माईसाहेब

नातू म्हणतो रेकॉर्डिंग टाकायला सांग. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण ऐकू येतं अजून. टाक हो बाळ.